कात्रीबाईंनी छाटलेलं आयोडीन

प्रयोगशाळेत त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे कात्रीबाई. पाण्याच्या नमुन्यातले गॅमा किरण यंत्र मोजतं, पडद्यावर सुळके काढतं, आणि कुठला सुळका कुठल्या किरणोत्सारी द्रव्याचा हे सॉफ्टवेअर आपल्या लायब्ररीत, म्हणजे नावांच्या यादीत, बघून सांगतं. आता कंपनीने दिलेली लायब्ररी म्हणजे जगातल्या झाडून सगळ्या किरणोत्सारी मंडळींची खोगीरभरती. सुळके जवळजवळ आले की सॉफ्टवेअर साध्या विहिरीच्या पाण्यातही अणुभट्टीतल्या बड्या असामींची नावं घ्यायचं. म्हणून बाई नावं छाटत बसत. घरी सासूबाई म्हणायच्या, "एवढा हात आपल्या कपाटावर चालव की गं!" तिथे मात्र बाईंचा हात दुखायचा.

छाटण्याच्या भरात त्यांनी आयोडीन-१३१ही उडवलं. "दवाखान्यातलं औषध ते. आपल्या विहिरीत कशाला मरायला येतंय?"

आलं ना! पाणीपुरवठ्याच्या विहिरीचे नमुने डब्यात भरून लावले, तर ठसठशीत सुळका आणि पुढे शब्द: अनोळखी. गावाचे नळ अहवालासाठी अडलेले. साहेबांना मनातून उकळ्याच फुटल्या. बाईंच्या हातून लायब्ररी काढून घ्यायची त्यांची जुनी हौस.

"बाई, संध्याकाळपर्यंत याचं नाव सांगा. नाहीतर उद्यापासून लायब्ररी मी बघणार, तुम्ही बाटल्या धुवा."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कंपनीची मूळ लायब्ररी चाळली, आणि कपाळाला हात लावला. आयोडीनच! मुकाट्याने परत घातलं. पण ते विहिरीत पडलं कसं? तेच पाणी नव्या डब्यात ओतून मोजलं, तर सुळका गायब. म्हणजे पाणी निर्दोष, डबाच बाटलेला. त्याच्यावरचं लेबल खरवडून एकटंच यंत्रात ठेवलं. सुळका छताला भिडला!

लेबलं चिकटवायचे साहेब. दुसऱ्याने लावलेलं त्यांना वाकडं दिसायचं. आणि चिकटवायचे कसे? जिभेने, चांगलं मन लावून.

बाई केबिनमध्ये गेल्या. "साहेब, परवाची रजा थायरॉइडवरच्या आयोडीनच्या कॅप्सूलसाठी होती का हो?"

साहेबांचा हात गळ्याकडे गेला. "कोणी सांगितलं?"

"तुमच्या थुंकीने."

"अहो, हळू बोला! बायकोलासुद्धा कामाचा दौरा म्हणून सांगितलंय!" मग त्यांना एकदम शहाणपण सुचलं. "असं करा, ते आयोडीन पुन्हा काढून टाका."

"म्हणजे परत अनोळखी? गाव तहानेलं ठेवायचं?"

साहेब चिडले. "मुळात तुम्ही ते छाटलंत कशाला? तेही अहवालात येईल!"

"येऊ दे. माझी कात्री आणि तुमची जीभ, शेजारी शेजारी."

साहेबांनी फोन उचलून पाणीपुरवठ्याला कळवलं: पाणी स्वच्छ आहे, डबा आमच्याकडून खराब झाला, अहवाल पाठवतो. ठेवता ठेवता पुटपुटले, "लायब्ररी बघा तुम्हीच. पण छाटायच्या आधी मला विचारत जा."

"विचारीन की," बाई म्हणाल्या. "दारातूनच विचारीन. तुम्ही आता आठवडाभर माझ्या यंत्राजवळ फिरकू नका."