दोन पंखांची खात्री

माशीला दोन पंख असतात आणि गांधीलमाशीला चार, एवढी माहिती माणसाने सासरी जाताना जवळ बाळगू नये.

अधिक महिना होता. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचा हा महिना. डोक्यावरचे केस मोजण्याइतके उरलेल्या जावयालाही तो लागू पडतो! सासर साखरा गावचं. पावसाने उघडीप दिली म्हणून सासऱ्यांनी शेतातल्या कडुलिंबाखाली पंगत मांडली. मी पाटावर बसतो न बसतो तोच शेजारच्या झेंडूवरून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे किडे आले आणि माझ्या ताटावर हवेतल्या हवेत थांबले.

"गांधीलमाश्या!" सासूबाई ओरडल्या. "उचला ताटं! शेडमधी चला समदे!"

शेड म्हणजे तापलेले पत्रे आणि खताची पोती. तीन वर्षांनी येणारा मान मी युरियाशेजारी बसून घेणार नव्हतो!

"मामी, थांबा," मी म्हणालो. "आधी पंख मोजू."

"दाजी, पंख काहून मोजून राहिले?" मेहुणा संतोष म्हणाला. "पळा की!"

मी मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. "हे बघ. दोनच पंख. डोळे मोठे, मिशा आखूड. ही साधी माशी. गांधीलमाशीचं नुसतं सोंग घेते. हिला नांगीच नसते."

एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण मी एक माशी मुठीत धरली, मूठ उघडून दाखवली. काही झालं नाही!

"व्हय की!" सासरे म्हणाले.

सासूबाई मात्र हलेनात. "एक गरीब निघाली म्हणून समद्या गरीब व्हय?"

मुद्दा बिनतोड होता. एका नमुन्यावर निष्कर्ष काढणं मलाही पटत नाही. गुळवणीच्या वाटीवर दुसरी बसली होती. मी पंख मोजले. दोन. (चष्मा पुसून पुन्हा मोजले. दोनच!) आणि उजव्या हाताने तिला अलगद उचललं.

त्यानंतर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. सासूबाईंसमोर बोललो तेवढं पुरे.

बसलेली गांधीलमाशी पंखांची घडी घालते, चारचे दोन दिसतात, हे मला नंतर कळलं.

"दाजी," संतोष म्हणाला, "ती माशी गांधीलमाशीचं सोंग घेती म्हन्ता. मग हिनं माशीचं घेतलं का?"

चुना लावूनही हात धोंड्यासारखा फुगला. पंगत शेडमध्ये गेली. उजव्या हाताने घास उचलेना, आणि पहिला घास डाव्या हाताने खायला सासूबाई तयार नव्हत्या.

"जावई उपाशी उठला तर मला गोड लागंल का? सुनंदे, तू भरव!"

"आबांसमोर?" बायको लाजली. मग माझ्याकडे वळली. "अहो, आ करा. मोठा!"

सासऱ्यांनी पत्र्याकडे बघायला सुरुवात केली. संतोषने फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आम्ही दुसऱ्या धोंड्यावर होतो तेव्हा फोन वाजू लागले.

"बघा, शेवगावच्या काकू म्हणतात, 'या वयात एवढं प्रेम!'" बायकोने वाचून दाखवलं. "आत्या म्हणतात, 'जावई असावा तर असा!' सांगून टाकू का खरं काय झालं ते?"

मी घाईघाईने मान हलवून 'नको' म्हटलं आणि पुन्हा आ केला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली; सासरी पहिल्यांदाच माझी तारीफ होत होती. ती गांधीलमाशीच्या नावावर कशाला जमा करू?