एका बाराची रायफल

आर्डिसच्या स्वयंपाकघरात तीन पातेली अशी होती, ज्यांत माणसांनी खायचं काहीच शिजत नसे. एकात तिचा नवरा लायल मेण आणि चरबी वितळवायचा, गोळ्यांना फासायला. दुसऱ्यात काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या उकळायचा. तिसरं कशाला घेतलं होतं हे त्यालाही आठवत नव्हतं, पण परत द्यायचं नाव नव्हतं. शिवाय केकचं पीठ मोजायच्या तिच्या काट्यावर तो शिशाच्या गोळ्या तोलत बसायचा, एकेक करून, अख्खी दुपार.

"चारशे गोळ्या तोलल्यास," ती म्हणायची, "आणि हरणं किती आणलीस? गेल्या वर्षी एक. त्याच्या आदल्या वर्षी नुसती सर्दी."

"हरीण जवळ आलं नाही."

"ट्रॅव्हिसच्या बरं जवळ येतं."

ट्रॅव्हिस तिचा भाचा. लायल नाक मुरडायचा. "त्याच्याकडे पाच गोळ्या असतात. पहिली चुकली तरी त्याचं काय जातं?"

मग सुरू व्हायचं ते आर्डिसला तोंडपाठ होतं. लायलची रायफल त्याच्या पणजोबांच्या काळच्या घडणीची. खालचा दांडा ओढला की मागचं दार उघडतं, एक काडतूस घालायचं, दार लावायचं, एक बार. पुन्हा पहिल्यापासून. दुर्बीण नाही, मागच्या पट्टीतल्या भोकातून नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा, म्हणजे माशी, बघून नेम धरायचा. नळीत एकच काडतूस आहे हे ठाऊक असलं की माणूस थांबतो, वारा बघतो, जनावर नीट आडवं उभं राहीपर्यंत चापाला बोट लावत नाही. खात्री नसेल तर बार काढायचा नाही. हे तो चर्चच्या पायऱ्यांवर सांगायचा, किराणाच्या रांगेत सांगायचा, आणि एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत तोंडात कापूस असताना त्याने सांगून दाखवलं होतं.

तरी चौतीस वर्षं ती त्याच्या शेजारी चटईवर बसत आली होती. उन्हाळ्यातल्या प्रत्येक शनिवारी गावाबाहेरच्या माळावर स्पर्धा. पाचशे मीटरवर लोखंडी मेंढे उभे करायचे. लायल पालथा पडायचा, आर्डिस दुर्बिणीतून गवत बघून वारा सांगायची, तो बार काढायचा. तिथला नियम असा, की गोळी कुठे लागली हे दुर्बीणवाल्याने सांगण्याआधी नेमबाजाने स्वतः सांगायचं, सुटताना माशी नेमकी कुठे होती. बहुतेक पुरुष तिथे बिनदिक्कत थापा मारायचे. लायलने कधी मारली नाही. "खेचली. डावीकडे, खाली," असं तो म्हणायचा, आणि धूळ डावीकडे, खालीच उडालेली असायची. सबंध मोंटाना राज्यात आपल्या वाट्याला हा हट्टी खोंड का आला, याला आर्डिसकडे एवढं एकच उत्तर होतं, आणि ते तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

या उन्हाळ्यात ते बिघडलं. "मधोमध," लायल म्हणाला, आणि धूळ मेंढ्यापासून दोन हात लांब उडाली. पुढचीही तशीच. आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. गेले काही महिने तो कॉफी कपाबाहेर ओतत होता, पेपर वाचताना मान कोंबडीसारखी तिरपी करत होता, आणि डॉक्टरचं नाव काढलं की गॅरेजमध्ये निघून जात होता.

"वारा चुकला माझा," ती म्हणाली.

मग सगळा उन्हाळा तिचाच वारा चुकला. लायल करवादायचा, "डोळे तपासून घे तुझे. सत्तरी आली." शेवटी वैतागून ती खरंच तपासून आली. डॉक्टर म्हणाले, या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत. तो कागद तिने पिठाच्या डब्यामागे लपवला आणि दोन दिवस भांडी आपटली. स्वतःचाच राग येत होता तिला. चौतीस वर्षं खरं बोलणाऱ्या माणसाशी ती दर शनिवारी खोटं बोलत होती.

त्यात जूनमध्ये मूस, म्हणजे तिकडचं थोराड सांबर, मारायचा परवाना निघाला. सोडतीत एकतीस वर्षं त्याने अर्ज घातला होता, एकतीस वर्षं नकार आला होता. आता मिळाला, आणि मिळाला की पुढची सात वर्षं अर्ज करता येत नाही. लायल शहात्तरचा. म्हणजे मूस हाच, आणि संधी हीच. ट्रॅव्हिस आपली दुर्बीणवाली रायफल घेऊन आला, तर लायलने त्याला तिकडच्या रीतीने खिम्याच्या तिखट रश्शात बुडवून दालचिनीचा गोड पाव खायला घातला आणि रायफलीसकट परत पाठवला.

ऑक्टोबरात, सकाळी नऊच्या सुमाराला, ओढ्याकाठच्या विलोच्या झुडपांत मूस उभा होता. म्हशीहून मोठा, शिंगं परातीएवढी, शंभर पावलांवर निवांत पाला खात होता. लायलने दोन काठ्यांच्या कैचीवर नळी टेकवली. मान तिरपी केली, सरळ केली, पुन्हा तिरपी केली.

आर्डिसने नळीच्या रेषेत पाहिलं.

"लायल," ती कुजबुजली, "कशावर धरलंयस?"

"खांद्यावर. गप्प बस."

"मूस हलला का रे?"

"नाही. दगडासारखा उभा आहे."

"तो हलत नाहीये कारण ते जळकं खोड आहे. मूस त्याच्या डावीकडे आहे. माझ्यासमोर पाला खातोय."

नळी हळूहळू डावीकडे सरकली आणि मुसाच्या पोटावर येऊन थबकली. तिथे गोळी लागली तर जनावर दोन दिवस तडफडत मरतं. लायललाही ते माहीत होतं.

"उन्हाळाभर माझा वारा बरोबर होता," आर्डिस म्हणाली. "एकदासुद्धा चुकला नव्हता. आता तूच सांग, खात्री आहे तुझी?"

मुसाने एक फांदी ओरबाडून संपवली. लायलने दांडा ओढला. काडतूस बाहेर आलं, ते त्याने केशरी जाकिटाच्या खिशात घातलं आणि गाडीकडे चालू लागला. वाटेतल्या प्रत्येक मुळाला तो ठेचकाळला. आर्डिसने हात दिला नाही, कारण त्याने तो झटकला असता आणि मग तिला रडू आलं असतं.

तीन आठवडे तो तिच्याशी कामापुरतं बोलला. मीठ दे. दार लाव. डॉक्टरकडे मात्र गेला, आणि नजरेच्या मधोमधचं दिसणं आता परत यायचं नाही हे ऐकून आला. त्या दिवशी त्याने तिन्ही पातेली घासून तिच्या ओट्यावर ठेवली. आर्डिसला ते अजिबात आवडलं नाही.

"उचल ती इथून," ती म्हणाली. "चरबीचा वास येतोय."

शनिवारी त्याने चटई काढली. "चल. आज तू पालथी पड."

"माझं कंबरडं मोडेल."

"मोडू दे. वारा मी सांगतो."

"तू? तुला गवत दिसतं का?"

"गालाला कळतो."

माळावर दोघंच होते. ती कण्हत पालथी पडली, तो शेजारी बसला, टोपी काढून, गाल वाऱ्याकडे करून. बराच वेळ त्याने तिला ताटकळत ठेवलं. तिने दोनदा विचारलं, दोनदा त्याने गप्प बसवलं. मग म्हणाला, "डावीकडून आहे. पट्टी दोन खुणा डावीकडे घे. मार आता."

तिने चाप ओढला, आणि ओढतानाच तिला कळलं. खांद्याला धक्का बसला, पांढरा धूर पसरला. लोखंडावर आदळल्याचा आवाज आला नाही.

"सांग," लायल म्हणाला.

"खेचली मी. घाबरून. उजवीकडे गेली."

लायल धुराकडे तोंड करून बसला होता. त्याला धूरही धड दिसत नसावा.

"नाही," तो म्हणाला. "वारा चुकला माझा."

"खोटं बोलू नकोस," आर्डिस म्हणाली, आणि दांडा ओढून तिने दुसऱ्या काडतुसासाठी हात पुढे केला.