खरं लिहू का चांगलं?

गरम झेरॉक्सचा वास आला की मला मी शिकवतो त्या पाथर्डीच्या कॉलेजातली दिवाळीआधीची ती दुपार आठवते. मुलांचं मन ठीक आहे ना, हे तपासायला नगरहून समुपदेशक बाई आल्या होत्या, आणि गॅदरिंगचा हुकमी निवेदक म्हणून ताज्या झेरॉक्स वाटून त्यांवरचे प्रश्न मोठ्याने वाचायचा मान मला मिळाला. मी आवाज लावला, हातवारे केले. 'झोप लागते का' हा प्रश्न तर असा रंगवला की पत्र्याखाली घामाघूम झालेला अख्खा वर्ग हसला. "पास व्हायला किती मार्क लागत्यात?" असं विचारून पोरं एकमेकांचं बघून लिहू लागली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र हळूच विचारलं, "सर, खरं लिहू का चांगलं लिहू?" मी ऐटीत म्हणालो, "खरंच लिही." तिने लिहिलं, आणि ते वाचून बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिला बाजूला घेतलं. "जगणं नकोसं वाटतं, हे एकटीने सोसायचं नसतं गं. दर आठवड्याला माझ्याशी बोलायला येशील?" "न्हाई जमायचं, म्याडम. परवा आमची टोळी ऊसतोडीला निघती. आता गुडीपाडव्यालाच माघारी." "तू मागे राहा ना," मी म्हटलं. "कुनापाशी, सर?" बाईंनी फोन नंबर पुढे केला, तर घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात. शेवटी तीच आमची समजूत घालू लागली, "तवर काढते की मी दम. तुमी नका घोर लावून घेऊ." यंदाही चाचणी आहे आणि प्रश्न मीच वाचणार आहे. कुणी खरं लिहिलं तर पुढे काय करायचं, हे मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही.