टाळीवर चालणारा नंदी

ट्रायकाका दुकानात शिरले की दुकानदार देवाचं नाव घ्यायचा. छत्री घ्यायची असली तर हा माणूस घरून तांब्याभर पाणी घेऊन निघायचा. दुकानासमोरच्या नालीशी छत्री उघडून उभा राहायचा आणि मला म्हणायचा, "ओत!" मी दुकानदाराच्याच स्टुलावर चढून पाणी ओतायची. खाट घ्यायला गेले तेव्हा तर दुकानातच दुपारची झोप काढून आले. दुकानदार बिचारा बाकीच्या गिऱ्हाइकांना "जरा धीरे बोलो" म्हणून विनवत होता. उठल्यावर काका म्हणाले, "पाठीले ठीक आहे, पण कूस बदलली की कुरकुरते. दुसरी दाखवा."

"ट्राय घेतल्याबिगर काही खरं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावरूनच ते साऱ्या पाऱ्याचे, म्हणजे मोहल्ल्याचे, ट्रायकाका झाले. मूळचे अमरावतीकडचे, रायपुरात इमारत खात्यात नकाशे काढायचे आणि आमच्या तात्यापाऱ्यातल्या घराच्या वरच्या खोलीत एकटे राहायचे. रविवारी जेवायला आमच्याकडे. तिथंही ट्राय! आईनं भाजी वाढली की आधी चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, आणि मग जाहीर करायचं, "वहिनी, आज पास!" आई म्हणायची, "पास झाली असंल तर मुकाट्यानं पोळी घ्या. थंडी होऊन राहिली."

मी तेव्हा तिसरीत होते आणि माझी एकच मोठी तक्रार होती. घरात माझं कोणी ऐकत नव्हतं. बाबा रेल्वेच्या नोकरीवरून थकून यायचे, आई कामात, आणि माझा मोठा भाऊ बबलू म्हणजे तर काय विचारता, लाटसाहेब! मी मराठीत काही विचारलं की तो हिंदीत "चल हट" म्हणायचा. माझं बोलणं पूर्ण ऐकून घेणारा एकच माणूस होता, तो वर राहायचा. मी जिना चढून जायची आणि काका पेन्सिल कानावर ठेवून म्हणायचे, "बोल चिंगे, काय झालं?" मग माझी गाडी सुटायची ती आईनं खालून हाक मारेपर्यंत थांबायची नाही.

आमच्या पाऱ्यात तान्हा पोळा जोरात व्हायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले चाकांचे लाकडी नंदी सजवून तोरणाखाली ओळीनं उभी राहायची. पूजा व्हायची, आरती व्हायची, मग "हर हर महादेव" म्हणून तोरण तोडायचं, की फुटला पोळा! नंतर पोरं नंदी ओढत घरोघर जायची आणि बोजारा म्हणून ठेठरी, खुरमी असला खाऊ आणि चार नाणी गोळा करून आणायची. पण हे सगळं पोट्ट्यांचं. पोट्टींच्या वाट्याला मातीची चूल, मातीचं जातं, मातीच्या चुकिया, म्हणजे इवलीशी बोळकी. बसा घरी आणि शिजवा मातीचा भात!

एका वर्षी मी बबलूचा मोडका, तीन चाकांचा नंदी उचलून ओळीत जाऊन उभी राहिले. पोळ्याचा सगळा कारभार अप्पाजींकडे असायचा. पांढरं धोतर, हातात काठी आणि आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट सोडायची. ते माझ्यासमोर येऊन थांबले. "पोट्टी काहून आली ओळीत? अन् हा काय नंदी आहे? जा, घरी जाऊन भातुकली मांड." सगळी पोरं खो खो हसली, आणि बबलू सगळ्यात जास्त. मी घरी आले आणि जिन्यात बसून इतकी रडले की हिचकी लागली. काका खाली आले, माझ्याशेजारी पायरीवर बसले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुढच्या साली तू ओळीत उभी राहशील. नंदी मी आणतो. अन् असा आणतो का अप्पाजी पाहातच राह्यले पायजे."

त्यानंतर दोनेक महिन्यांत भोपाळपासून वेगळं होऊन आमचं नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि गावाला नुसतं उधाण आलं! काल जिथं सायकली उभ्या राहायच्या तिथून आता लाल दिव्याच्या गाड्या पळू लागल्या. कुठं सायरन वाजला की आम्ही पोरं हातातलं टाकून कोपऱ्यावर धावायचो. गाडीत कोण बसलंय ते कधीच दिसायचं नाही, पण लाल दिवा दिसायचा, तेवढ्यावर आमचं पोट भरायचं. काका तर खुळावलेच होते. नवीन कचेऱ्या, नवीन नकाशे! "चिंगे, आता आपण राजधानीचे झालो," म्हणायचे आणि उगीचच शर्टाची कॉलर नीट करायचे.

आणि मग श्रावणात कळलं की जुन्या आणि नव्या राज्यात कर्मचाऱ्यांची वाटणी झाली, आणि काकांचं नाव भोपाळच्या वाट्याला गेलं. पोळा झाला की निघायचं. "राजधानी इकडं आली अन् मले तिकडं धाडून राहिले," ते हसत म्हणाले. आई हसली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून त्यांनी माझी वेणी ओढली. "ए, रडायचं नाही. हा माझा इथला शेवटचा पोळा. तुले ओळीत उभी पाहिल्याबिगर मी गाडीत पाय ठेवत नाही. चल बजारात."

गोलबाजारातल्या खेळण्यांच्या दुकानात काकांनी नंदींची परीक्षा सुरू केली. एकेक नंदी जमिनीवर ठेवायचे, दोरी ओढायचे आणि स्वतः पालथे पडून चाकांकडे पाहायचे. एक तिरका चालायचा, एक दोन पावलांत तोंडावर पडायचा, एकाचं चाक काकांच्या हातातच आलं. सेठ गल्ल्यावरून ओरडला, "दादा, बैल है, घोड़ा नहीं! कितना दौड़ाओगे?" काका जमिनीवरूनच म्हणाले, "सेठ, बच्ची को पूरा मोहल्ला घूमना है. ये तो दुकान के बाहर नहीं जाएगा." मग बसले उठून, कपाळाचा घाम पुसला आणि मला विचारलं, "तुले कसा पायजे, ते तर सांग."

मी म्हटलं, "माझं ऐकेल असा."

काकांनी हातातला नंदी खाली ठेवला. सेठ मात्र खुशीत आला. "सुनने वाला चाहिए? तो पहले बोलना था ना!" म्हणत त्यानं वरच्या फळीवरून एक खोका काढला. आत पांढरीशुभ्र मोटार, आणि तिच्या टपावर, अगं बाई गं, लाल दिवा! सेठनं ती जमिनीवर ठेवली, बटण दाबलं आणि एक टाळी वाजवली. दिवा लुकलुकला, भोंगा वाजला, आणि मोटार आपली आपण चालायला लागली! त्यानं पुन्हा टाळी वाजवली. मोटार गपकन थांबली. एक टाळी, चाल. दुसरी टाळी, थांब. माझे तर पायच जमिनीवर ठरेनात.

"थांबा, ट्राय!" काका गरजले. मग काय, तासभर दुकानात धिंगाणा! मी टाळी वाजवली, चालली. काकांनी वाजवली, थांबली. पायरीवर उभं राहून वाजवली, पोत्यामागं लपून वाजवली. काकांनी टाळीऐवजी चुटकी वाजवून पाहिली, शिंकून पाहिलं, "ए गाडी!" म्हणून हाकही मारून पाहिली. ती हलली नाही. दुकानातली गिऱ्हाइकं सामान घ्यायचं सोडून टाळ्या वाजवायला लागली आणि मोटार भांबावून कधी चालायची, कधी थांबायची. शेवटी काकांनी खिशात हात घातला. "पास! हे तुझं ऐकते, चिंगे."

"पण काका, ही तर मोटार आहे. नंदी कुठं आहे?"

"नंदी आपण बनवू," काका म्हणाले.

रात्री आईनं आपल्या निळ्या ब्लाउजपीसची झूल शिवून दिली. काकांनी नकाशाच्या जाड कागदाची शिंगं कापली, त्यांना हिंगूळ लावला, पुढं छोटे घुंगरू बांधले. बबलू बाजूला तोंड फिरवून बसला होता. पण शिंगं वाकडी लागतायत म्हटल्यावर त्याच्यानं राहवलं नाही. डिंक घेऊन आला आणि माझ्या हातून शिंग ओढून म्हणाला, "दे इधर. ऐसे नहीं लगता."

तान्ह्या पोळ्याला मी ओळीत उभी राहिले. समोर झूल पांघरलेला, शिंगांचा, लाल दिव्याचा माझा नंदी, बटण दाबून तयार. अप्पाजी काठी टेकत आलेच.

"हे काय आहे?"

मी झूल सारखी केली. मागून काका म्हणाले, "नंदी आहे अप्पाजी."

"याले चाकं आहेत. मोटार आहे हे."

"तुमच्या नंदीलेही चाकंच आहेत ना? चार पायांचा नंदी चाकावर चालते, मग राजधानीचा नंदी टपावर दिवा घेऊन काहून नाही चालणार?"

लोक हसले. अप्पाजी हसले नाहीत. मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "ठीक आहे. पण सगळ्यात मांगं उभी राह्य. अन् काही गडबड झाली तर सीधी घरी." मी "हव" म्हटलं आणि ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहिले. शेवटी तर शेवटी! ओळीत तर होते! काकांनी लांबूनच मुठी वळून नाचून दाखवलं.

पूजा झाली. आरती सुरू झाली. आणि आरती म्हटली की माणसं काय करतात? टाळ्या वाजवतात!

पहिल्या टाळीला माझ्या नंदीचा दिवा पेटला. भोंगा वाजला, घुंगरू खुळखुळले, आणि तो निघाला. दुसऱ्या टाळीला थांबला. तिसरीला पुन्हा निघाला. टाळीच्या ठेक्यावर चालत, थांबत, चालत, थांबत ओळीच्या कडेनं तो पुढं चालला. मी ओरडतेय "थांब, थांब!" पण तो तर टाळीचं ऐकणारा, ओरडण्याचं थोडीच ऐकणार! पोरं आपले नंदी टाकून त्याच्यामागं धावली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. कोणाला काही कळायच्या आत तो सगळ्यांच्या पुढं गेला, तोरणाखालून पार झाला, आणि नेमका अप्पाजींच्या पायाला जाऊन टेकला. टाळ्या थांबल्या. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी कपाळाला हात लावला होता. "सगळ्याचा ट्राय घेतला," ते पुटपुटले, "आरतीचा राहून गेला ना बापा!"

अप्पाजी खाली वाकले. वाटलं, आता उचलून फेकतात. त्यांनी वाकड्या झालेल्या शिंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पूजेच्या ताटातलं कुंकू घेऊन त्यांनी माझ्या नंदीच्या कपाळी, म्हणजे बॉनेटवर, बोट ओढलं. "आता यानं फोडलाच आहे पोळा," ते म्हणाले, "तर म्हणा! हर हर महादेव!"

काय तो गजर! तोरण तुटलं, ढोल वाजला, आणि पहिला बोजारा अप्पाजींनी माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकला. पुढच्या वर्षी ओळीत इतक्या पोट्ट्या आल्या की अप्पाजींना काठीनं जागा करून द्यावी लागली. पण ते पाहायला काका नव्हते.

त्याच आठवड्यात आम्ही सगळे त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. ट्रंक, वळकटी, नकाशांची नळी, आणि आईनं बांधून दिलेली खुरमी. खुरमीचा त्यांनी फलाटावरच ट्राय घेतला. "वहिनी, पास." आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "तिकडं कोण करून देईल तुमाले?" काका दारात उभे राहिले. गाडी काही सुटेना. काकांशिवाय घर कसं असतं, याचा ट्राय आम्ही कोणीच कधी घेतला नव्हता.

तेव्हा काका म्हणाले, "चिंगे, ही गाडी तुझं ऐकते का पाह्य बरं. वाजव टाळी."

मी वाजवली. आणि तुम्हाला शपथेवर सांगते, गाडीला हिसका बसला आणि ती हलली! सगळा डबा हसला. काका दारातून ओरडले, "पास! पास!"

मग गाडीनं वेग घेतला आणि मला एकदम कळलं की काका चाललेत. मी दुसरी टाळी वाजवली. मग आणखी एक. फलाटाच्या टोकापर्यंत मी टाळ्या वाजवत धावले, तळहात लाल होईपर्यंत. काका दारात हात हलवत लहान लहान होत गेले.

ती थांबली नाही.