कापसातली उडी

परवा गादी उसवली आणि जुन्या कापसाच्या वासासरशी मी लहानपणीच्या आर्णीच्या घरात जाऊन पोचले. मधल्या खोलीत वेचलेल्या कापसाचा छातीएवढा ढीग असायचा.

शेजारचे महादूकाका सांगत, "मुक्या सिनेमात हिरोच्या जागी मीच उड्या मारत होतो." त्यांच्याकडे ना फोटो, ना कुठं छापलेलं नाव. बाबांचा तर मुळीच विश्वास नव्हता.

"मंग मारून दाखवा," एकदा बाबा म्हणालेच.

साठीचे काका धोतर खोचून माळ्यावर चढले आणि हात पसरून अलगद कापसात पडले. पण पडताना त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तोंड काहून लपवता?" बाबांनी डोळे बारीक केले. "खोटं बोलणाराच तोंड लपवते."

मलाही ते पटलं. कित्येक वर्षांनी एका सिनेमातली उडी पाहताना लक्षात आलं, की हिरोच्या जागी पडणाऱ्याचा चेहरा दिसला तर सगळंच फसतं.

त्या दिवशी बाबांनी त्यांना पुन्हा माळ्यावर चढवलं. "आता आमच्याकडं पाहून पडा."

काका "हो" म्हणाले, त्यांनी उडी मारली, आणि चेहरा पुन्हा भिंतीकडेच वळला.