शनिवारी सोडलेले बूट

गिरीशचा डावा पाय पहिल्यांदा दिसला तेव्हा मी पटकन नजर वळवली होती. आयर्लंडमधल्या एनिस गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तो मागच्या अंगणात अनवाणी बसून टबात दोर धूत होता.

"ताई, बघा की नीट. चावत नाही तो," तो हसून म्हणाला.

कॉलेजात असताना पुण्यात त्या पंजावरून ट्रकचं चाक गेलं होतं. दोन बोटं एकमेकांवर चढून तशीच जुळली, तळवा बाजूने फाकला. आणि या पायाने हा माणूस कडे चढायचा! आठवडाभर शॅननला एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर मान घालून बसणारा, आमच्या गणपतीच्या जेवणात कोपरा धरून वरणभात खाणारा गिरीश; पण कड्याचा विषय निघाला की हात हवेत खाचा शोधायला लागायचे.

त्याच्याकडूनच मला कळलं की कड्यावर चढायचे बूट म्हणजे डोंगरात चालायचे दणकट बूट नव्हेत. पातळ, रबरी तळाचे, मोज्याशिवाय पायात कोंबायचे. कातडीसारखे बसले तरच दगडातली बोटभर खाच पायाला कळते. त्याच्या डाव्या पायाला असले बूट कधी बसलेच नव्हते. सह्याद्रीत तो कॅनव्हासच्या बुटांवर भागवायचा आणि सोप्या वाटांवर समाधान मानायचा. २०१४ साली इथे आल्यावर गॉलवेच्या एका दुकानात त्याने एक जोड पायात घातला, आणि म्हणे दुकानातच खाली बसला. पुढून रुंद, मऊ, त्या चढलेल्या बोटांना जागा देणारा. जगात कोणीतरी आपल्या पायाचा विचार करून ठेवलाय, असं त्याला वाटलं.

"माझ्या जोडव्यांचं माप विचारा त्याला," वृंदा, त्याची बायको, म्हणायची. "सांगता येणार नाही. बुटाचं मात्र झोपेतही सांगेल."

त्या बुटांवर त्याने समुद्राकडचे कडे पालथे घातले. डेक्लन नावाचा एक गवंडी त्याचा दोरावरचा जोडीदार. दोघांनी एका कड्यातली उभी भेग मनात धरली होती. खाली लाटा आपटतात, वर डाव्या पायाचा पंजा भेगेत अडकवत जायचं. डेक्लन म्हणायचा, "तुझा पाय देवाने त्या भेगेचंच माप घेऊन घडवलाय, गिरीश. माझा नाही बसत तिथे." दोन उन्हाळे त्यांनी ती वाट थोडीथोडी वर नेली. शेवटचा पुरुषभर तुकडा राहिला होता.

तेवढ्यात बूट बनवणाऱ्या कंपनीने तो बूट बदलला. नाव तेच, रंग तोच, पण पुढून चिंचोळा आणि टोकदार. इंटरनेटवर कुठल्या कुठल्या देशांतली माणसं हळहळत होती. कुणी जुन्या दुकानांतून राहिलेले जोड शोधत होतं, कुणी कंपनीला शिव्या घालत होतं. कंपनीने उत्तर दिलं, ग्राहकांच्या मागणीनुसार सुधारणा केली आहे.

"कुठला ग्राहक?" डेक्लन आमच्या स्वयंपाकघरात चहा पिताना भडकला. "मला कुणी विचारलं नाही. तुला विचारलं?"

"मला तर ऑफिसातही कुणी विचारत नाही," गिरीश म्हणाला.

जुन्या जोडाचा तळ दोनदा बदलून झाला होता. आता अंगठ्याशी भोक पडलं. म्हणून २०१८च्या मार्चमध्ये त्याने नाइलाजाने नवा जोड घातला, एक माप मोठा घेऊन. भेगेत डावा पाय बसलाच नाही, सटकला. दोराने वाचला, पण कड्यावर आपटून मनगट मोडलं.

ही बातमी साताऱ्याला सुरेखाकाकूंना, म्हणजे त्याच्या आईला, कळली. त्यांनी पत्रिका दाखवली. वृश्चिक रास, साडेसातीचा शेवटचा फेरा. मे महिन्यात काकू एनिसला आल्या त्या मनात हे घेऊनच.

मनगट तोवर भरत आलं होतं. इंग्लंडात एक कारागीर मिळाला होता, जुना जोड अजून एकदा नीट करून देईन म्हणाला होता. गिरीशने ते बूट घासून, वाळवून, कागदी पिशवीत घालून जिन्याखालच्या प्रेसमध्ये ठेवले. कपाटाला इथे प्रेसच म्हणतात, काकूसुद्धा आठवडाभरात म्हणायला लागल्या होत्या. सोमवारी पार्सल करायचं होतं.

सोमवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे अळूवड्या द्यायला गेले, तर गिरीश प्रेससमोर गुडघ्यांवर बसलेला. नवे बूट बाहेर काढून ठेवलेले, चकचकीत.

"आई, इथली कागदी पिशवी पाहिलीस?"

"ते फाटके होय?" काकू कणीक मळत होत्या. "सोडून आले मी. परवा शनिवार होता ना."

"कुठे?"

"इथे शनीचं देऊळ कुठलं? चर्चच्या पायरीशी ठेवले. देऊळ ते देऊळ. मागे वळूनसुद्धा नाही पाहिलं हो!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शनिवारी पायातलं सोडलं की पीडा त्याबरोबर जाते. याच्या बाबांच्या वेळीही असंच केलं होतं मी."

गिरीश स्लिपरवरच धावला. मी वृंदाकडे पाहिलं. ती ओट्याची कड घट्ट धरून उभी होती.

तो परत आला तेव्हा रिकाम्या हातांनी. चर्चमध्ये फुलं बदलणाऱ्या बाईंनी ते कचऱ्यात टाकले होते. कुणीतरी थट्टा केली असं वाटलं त्यांना. सकाळीच गाडी कचरा घेऊन गेली. त्या फार ओशाळल्या, तर हाच त्यांना इथल्या पद्धतीने 'इट्स ग्रँड, इट्स ग्रँड', काही बिघडलं नाही, म्हणत राहिला.

"नाही ना मिळाले?" काकूंनी विचारलं.

"नाही. गेले."

"बरं झालं बाई. परत मिळाले असते तर पीडापण परत आली असती." काकूंनी पोळी तव्यावर टाकली. "बस, गरम आहे तोवर खा."

वृंदा म्हणाली, "आई, अहो, तो पडला ते..."

"वृंदा, लोणचं दे," गिरीश म्हणाला.

नंतर दारापर्यंत मला सोडायला आली तेव्हा वृंदा रडायलाच लागली. "तो पडला तो नव्यांनी, ताई! आणि त्यांनी सोडले ते जुने. सांगूपण देत नाही मला."

त्या उन्हाळ्यात त्याने बरेच बूट पायात घालून पाहिले. डब्लिनपर्यंत जाऊन आला. चढलेल्या बोटांची नखं काळी पडायची. एकदा भेगेखाली उभा राहिला, पंजा आत घातला, वेदनेने बाहेर काढला आणि डेक्लनला म्हणाला, "तू जा. मी दोर धरतो." त्यानंतर तो दोरच धरत राहिला.

२०१९च्या जूनमध्ये डेक्लनने ती भेग पुरी केली. पायाऐवजी हातांच्या जोरावर, शिव्या देत. आम्ही डबा घेऊन गेलो होतो. गिरीश साध्या बुटांत खाली उभा, मान वर, दोर हातांतून इंच इंच सोडत. डेक्लन वर पोचून ओरडला, तेव्हा यानेही हात वर केला. मग पुष्कळ वेळ तो त्या भेगेच्या तळाशी, जिथे पहिला पाय ठेवायचा तिथे, तळहात टेकून उभा होता.

घरी परतताना गाडीत काकूंचा फोन आला. स्पीकरवर त्यांचा आवाज स्वच्छ, आनंदी.

"कसा आहेस रे? पडलाबिडला नाहीस ना परत?"

"नाही, आई," गिरीश म्हणाला. "तेव्हापासून एकदाही नाही."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"हो, आई," तो म्हणाला. वृंदाने खिडकीकडे तोंड फिरवलं.