गाढवाची समजूत आणि गेटवरचा टँकर

देशमुख सर कॉन्फरन्स रूममध्ये आले, तेव्हा आमचे लाइन सुपरवायझर जाधव एका गाढवाची समजूत घालत होते.

गाढव गोष्टीतलं होतं. पण देशमुख सर आमचे प्लांट हेड, आणि त्यांना हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात मी ट्रेनिंग ऑफिसर होते. आदल्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. शहर मात्र जालना रोडने वाढतच होतं आणि प्रत्येक नव्या बिल्डिंगला टँकर लागत होता. आमच्याकडे खर्च कमी करायचं वारं होतं. ट्रेनिंग बाहेरच्या एजन्सीला द्यायचं आणि मला ॲडमिनमध्ये पाठवायचं, असं घाटत होतं. ॲडमिन म्हणजे त्या उन्हाळ्यात एकच काम, टँकरवाल्यांशी हुज्जत. मला ते नको होतं. मी एक संधी मागितली. "एक सेशन बघतो, मग ठरवतो," सर म्हणाले.

सुपरवायझरांना वाटाघाटी शिकवायच्या होत्या. माझी मुलगी मैत्रिणींबरोबर एक खेळ खेळते, तो मी उचलला. टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात. पात्राच्या प्रत्येक कौशल्याला शंभरपैकी गुण असतात. फासे टाकायचे. आलेला आकडा गुणांच्या आत असला तर काम जमलं, वर गेला तर फसलं. यासाठी दहा बाजूंचे दोन फासे लागतात, एक दशकाचा, एक एककाचा. मी ते गुलमंडीच्या बाजारात मागितले, तर दुकानदाराने सापशिडी पुढे केली. शेवटी मुलीचेच आणले.

गोष्ट मी रचली. जुना काळ, दौलताबादच्या वाटेवर पाणी संपलेला व्यापाऱ्यांचा तांडा. जाधव त्यातले पुढे जाऊन निरोप देणारे हरकारे, डिस्पॅचचे शेखभाई तांड्याचे म्होरके. गावकऱ्यांशी बोलून पाणी मिळवायचं.

या खेळात खरा प्रश्न असतो, पात्राचं कौशल्य वाढतं कशाने. मी ट्रेनिंगवाली. माझा नियम तयारच होता. उस्तादाकडे महिनाभर शिकलं की पाच गुण. नुसत्या सरावाला काही नाही.

रंगीत तालमीला दोघंही उस्तादाकडे जाऊन बसले आणि उठेनात. गुण भराभर चढले.

"मॅडम," शेखभाई म्हणाले, "बाहर तांडा प्यासा मररा, और हम अंदर पढरे."

मग मी नियम उलटा केला. कौशल्य वापरलं आणि जमलं, की एक गुण. शिकवणी बंद. सरांना दाखवायच्या सेशनला हाच नियम ठेवला, आणि सर आत आले ते नेमके गाढवाच्या वेळी.

"हे काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"समजूत घालायचा सराव करतोय सर," जाधव म्हणाले.

"कुणाची?"

"गाढवाची. त्याला म्हनलं, उभं राहा."

"ते निघालं कुठे होतं?"

"कुठंच नाय सर. उभंच होतं. म्हनून तर गुण लवकर पडतात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाशांकडे पाहिलं.

तेवढ्यात गेटवरून फोन आला. टँकरवाला पाणी न उतरवता परत निघाला होता. ॲडमिनचा माणूस रजेवर होता आणि कँटीनची टाकी तळाला होती.

"मॅडम, वाटाघाटी तुम्हीच शिकवता ना?" सर म्हणाले. "जा."

माझ्याकडे वाटाघाटीच्या पाच पायऱ्या होत्या, लॅमिनेट केलेल्या. पायरी पहिली, समोरच्याची अडचण समजून घ्या. ड्रायव्हर स्टिअरिंगवरच बसला होता.

"तुमची अडचण मी समजू शकते," मी म्हटलं.

"व्हय? काय हाय अडचण, सांगा बरं."

मला माहीत नव्हती. मी थेट दुसऱ्या पायरीवर गेले, दोघांचंही हित. त्याने इंजिन सुरू केलं. तिसऱ्या पायरीपर्यंत टँकर जालना रोडला लागला होता.

"अडचण काय होती त्याची?" मी वॉचमनला विचारलं.

"सकाळधरनं उन्हात हुबा होता. पाईप लावायला मानूसच नाय आपला."

दुसरा टँकर करमाडकडून येत होता. तो दिसायच्या आधी मी पाईपवाल्याला हाताला धरून आणलं आणि चहा मागवला. ड्रायव्हर उतरला, तेव्हा मी एवढंच विचारलं, "कुठून भरून आणलं पाणी?" तो बराच वेळ सांगत राहिला. मी ऐकत राहिले. तोवर टँकर रिकामा झाला. पायऱ्या त्याच होत्या. पहिलीचा अर्थ मात्र पहिला टँकर गेल्यावर कळला होता.

परत आले तर सर, जाधव आणि शेखभाई माझी वाट पाहत होते. गेटवरची बातमी माझ्याआधी पोचली होती.

"पयला फासा उलटा पडला जणू," जाधव म्हणाले.

"पडला."

"मग त्याचे गुण देयाचे का नाय?"

नियम मी तिथेच बदलला. पणाला काहीतरी लागलेलं असताना काम फसलं, तर पात्राच्या त्या कौशल्यापुढे खूण करायची. जिथे खूण आहे, तेवढंच उस्तादाने शिकवायचं. खूण नसेल तर शिकवणी फुकट, आणि शिकवणी नसेल तर माणूस तीच चूक सफाईने करायला लागतो. गाढवाला खूण नाही. जाधवांनी फार वाईट वाटून घेतलं.

सरांनी निर्णय दिला. "ट्रेनिंग तुमच्याकडेच राहील."

मी आभार मानायला तोंड उघडलं.

"आणि पाऊस पडेपर्यंत टँकरही. एक खूण झालीच आहे, तर वाया कशाला घालवायची?"

शेखभाई हळूच म्हणाले, "मॅडम, आपका क्लास तो अब शुरू हुआ."

पाऊस आला तोवर माझ्या नावावर बऱ्याच खुणा झाल्या होत्या. वाटाघाटींचं ट्रेनिंग मी अजून देते. पहिला तास गेटवर घेते. तिथे सावली नाही.